सुट्टे हायत का? – योजनांवर मतदाराशी बोलायला जाणाऱ्या पोरांसाठी

चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, दहिवडी आगारात. मे 2024 ला रिटायर झालो आणि सहा महिन्यांत विधानसभा लागली. गावातली पोरं प्रचाराला निघाली की मला बरोबर घ्यायची, कारण माण तालुक्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी माझ्या हातून तिकीट घेतलेलं असतं. तेव्हापासून पोरं एकच विचारतात, "काका, लाडक्या बहिणीचे 1500 चालू झाल्यापासून बाया आमचं ऐकूनच घेत नाहीत. बोलायचं कसं?" तर कसं बोलायचं ते लिहितोय. यातलं बरंचसं मी आधी चुकून मग शिकलोय. मी कुठल्या बाजूचा हे इथे सांगत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि खाली लिहिलंय ते दोन्ही बाजूंना सारखंच लागू आहे.

पहिली चूक घरातलीच. लाडक्या बहिणीचे जुलै-ऑगस्टचे मिळून 3000 राखीपौर्णिमेच्या तोंडावर थोरल्या वहिनीच्या खात्यावर आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही आचारसंहितेच्या आधीच एकदम आले. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना मी म्हणालो, "काय वहिनी, पंधराशेला मत विकलं वाटतं." वहिनी चकल्या तळत होती. झारा तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भावजी, चार वर्षं मी डाव्या बाजूनं चावत हुते. दाढ काढायला तुमच्या भावानं कधी पैसं दिलं न्हाईत, तुम्ही बी दिलं न्हाईत. त्या तीन हजारात काढली. आता सांगा, कुणाला काय विकलं?" मी साठीला आलेल्या त्या बाईच्या ताटात शेकडो वेळा जेवलोय. ती एका बाजूने चावते हे मला कधी दिसलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस त्या घरात मला चहा मिळाला नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे: मिळालेल्या पैशाला नावं ठेवायची नाहीत. "रेवडी", "फुकट", "लाच", "विकली गेली" हे शब्द तोंडातून गेले की समोरचं माणूस उठून जात नाही, नुसतं हो-हो करतं. ते जास्त वाईट. त्याऐवजी विचारा, "पैसे आले का? कशाला उपयोगी पडले?" आणि मग गप्प बसा. कुणी पोराची फी सांगेल, कुणी शेळी, कुणी गुडघ्याची गोळी. ज्याला दीड हजारातलं हे ऐकायला कंटाळा येतो त्याने प्रचाराला जाऊ नये, भिंती रंगवाव्यात.

आता वेळ आणि जागा. सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला जायचं नाही, टँकरच्या वेळेला तर नाहीच. संध्याकाळी चुलीजवळही नाही. दुपारी तीन ते पाच बरं, बाया ओट्यावर मटकी-हुलगे निवडत असतात, हाताला काम आणि कान मोकळे. रेशनच्या रांगेत माणसं भेटतात, पण दुकानदारासमोर खरं कुणी बोलत नाही. दोघंच जा, त्यातली एक बाई असू द्या. दहाजण गॉगल लावून उंबऱ्याशी उभे राहिले तर पोलीस आल्यासारखं वाटतं. हाक मारताना "ताई" सगळ्यांना चालत नाही. सासूच्या वयाच्या बाईला मावशी किंवा आक्का, म्हाताऱ्याला नाना किंवा तात्या. आणि "कुणाला मत देणार?" हे विचारायचंच नाही. ते विचारणाऱ्याला लोक जे ऐकायचंय तेच ऐकवतात.

जायच्या आधी स्वतःच्या घरचा हिशेब एकदा वहीवर मांडा. छापील किमतीत कर धरलेला असतो, तो काढायची रीत सोपी आहे. 18 टक्के असेल तर किमतीला 118 ने भागा आणि 18 ने गुणा. मोबाईलचं 299 चं रिचार्ज घ्या, त्यात 45 रुपये 60 पैसे कर निघतो. 5 टक्के असेल तर 105 ने भागा, 5 ने गुणा. तेलाची पिशवी, साखर, चहा यांवर 5 टक्के. सुटं धान्य, सुट्या डाळी, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. पेट्रोल जीएसटीत नाहीच, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा आणि चांगला जाड. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांचे दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 वर आलेत. जुना आकडा घेऊन गेलात तर कुठलीही बारावीची पोरगी मोबाईल काढून तोंडावर मारेल.

आकडा फुगवला की काय होतं ते एकदा बघितलंय. पुण्याला नोकरी करणारा आमच्या गावचा एक पोरगा सुट्टी टाकून आला होता, हुशार, बोलायला चटपटीत. पलीकडच्या वाडीत एक मावशी सुपात हुलगे घेऊन बसली होती. हा उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, सरकार एका हातानं 1500 देतं आणि दुसऱ्या हातानं 2000 कर काढून घेतं." मावशी हुलग्यातले खडे वेचत होती, मान वर न करता म्हणाली, "कसं रं?" त्याने साबण-तेल-रिचार्जचे दर सांगितले. मावशीने एक खडा बाहेर टाकला. "किराणा आमचा चार हजार. समदाच धर. शंभराला पाच, म्हंजी दोनशे." दुसरा खडा. "फोन दोन. त्याचं नव्वद." तिसरा खडा हातात तसाच. "ह्ये झालं दोनशे नव्वद. मग ऱ्हायलेलं सतराशे कुठं गेलं?" पोरगा पेट्रोलवर आला. "गाडी न्हाई आमच्याकडं," मावशी म्हणाली. पोरगा उठला, आणि त्या वाडीत आम्हाला परत कुणी बसा म्हटलं नाही. मावशी चौथीपर्यंत शिकलेली.

खरं तर त्या 290 मध्येच सगळं होतं. मावशी महिन्याला तीनशेच्या आसपास कर भरते, इतकंच सांगायला पाहिजे होतं. कारण तिला आयुष्यभर ऐकवलंय की कर भरतात ते दुसरे, शहरातले, साहेब लोक, आणि ती त्यांच्या जिवावर खाते. कर कसा घेतला जातो हेही एसटीच्या भाषेत चटकन कळतं. गाडीत मजूर बसो की कारखान्याचा चेअरमन, दहिवडी-सातारा तिकीट दोघांना सारखंच. किराणावरचा कर तसा आहे. उत्पन्नावरचा कर ऐपत बघून घेतात, तो वेगळा. हे समजलं की मावशी पुढचा प्रश्न आपणच विचारते.

"फुकटे" म्हणणारा दुसरा माणूस मात्र गावातच भेटतो, मास्तर, बँकेतला, रिटायर फौजी. त्याच्याशी भांडू नका, पगाराची चिठ्ठी मागा. माझ्या चिठ्ठीत कितीतरी वर्षं दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापलेला असायचा आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2500. मी बरीच वर्षं चिडायचो. मग युनियनच्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लावला. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या डोक्यातली ती कल्पना. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. नोकरदाराच्या करातून जेवढे जमतील तेवढेच सरकारने वरून घालायचे आणि मागेल त्याला काम द्यायचं, असा तो हिशेब.

मी बहात्तरच्या दुष्काळात सहा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर पाटी वाहायची. मी बांधावर बसून सुकडीची वाट बघायचो, घरात लाल मिलोची भाकरी असायची, ती घशाखाली उतरायची नाही. कायदा तेव्हा झाला नव्हता, पण त्या दुष्काळी कामांमधूनच तो पुढे आला. तर मी कापून घेतलेले दोनशे रुपये पुढे कुणाच्या तरी आईच्या पाटीला गेले, असं धरून चाललो. त्यानंतर चिडलो नाही. फेब्रुवारीत थोडा, शंभर रुपये जास्त जायचे म्हणून.

17 मार्च 2023 ला बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हाही पुरुष गाडीत कुरकुरायचे, "आमी काय पाप केलं?" मला मशिनवर नुसतं एक बटण जास्त दाबावं लागलं, पण सीटांवर फरक दिसला. आधी जी बाई नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर यायची ती एकटी येऊ लागली. तहसीलला, दवाखान्यात, नुसतं माहेरीसुद्धा. मी हे पुरुषांना सांगतो आणि विचारतो, "तुझी बायको शेवटची एकटी कधी गेली होती?" बहुतेकांना आठवत नाही.

आता ज्यासाठी शीर्षक दिलंय ते. कंडक्टर चढलेल्या प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो: कुठं जायचं, किती जण, सुट्टे हायत का? निवडणुकीतल्या कुठल्याही आश्वासनाला हेच विचारायला मतदाराला शिकवा. आपल्या उमेदवाराच्या आश्वासनालासुद्धा, नाहीतर शिकवू नका. 2024 ला सत्तेतल्यांनी 1500 चे 2100 करू म्हटलं, विरोधातल्यांनी 3000 देऊ म्हटलं. कुठं जायचं म्हणजे कधीपासून? किती जण म्हणजे कुणाकुणाला? सुट्टे म्हणजे तिजोरीत आहेत का?

हा हिशेब ओट्यावर खडूने मांडता येतो. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीला 36,000 कोटी ठेवले. बाराने भागा, महिन्याला 3000 कोटी. 1500 ने भागा, 2 कोटी बायका. त्याच 2 कोटींना 2100 द्यायचे तर वर्षाला 50,400 कोटी लागतात. 3000 द्यायचे तर 72,000 कोटी. 2100 त्या अर्थसंकल्पात आलेच नाहीत. उलट 2025 मध्ये छाननी झाली, 26 लाखांच्या आसपास नावांचे पैसे थांबले, मग ई-केवायसीचं फर्मान निघालं. मतदानाआधी गाडीत सगळ्यांना चढवलं आणि घाटात तिकीट तपासायला लागले, असं मी म्हणतो. लोक हसतात, आणि ज्यांचं नाव कापलंय त्या हसत नाहीत. त्यांच्याजवळ थांबा. कारण काय लिहून आलंय ते वाचून दाखवा.

पण सुट्टे नाहीत म्हणजे देऊच नये का? इथे पोरं अडखळतात, म्हणून दुसरा आकडा पाठ करून ठेवा. 20 सप्टेंबर 2019 ला पणजीत केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरचा कर कमी केला. सवलती न घेणाऱ्या कंपनीला 30 वरून 22 टक्के, नव्या कारखान्याला 15. सरकारनेच सांगितलं की यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडावे लागतील. त्यात लाडक्या बहिणीसारख्या चार योजना बसतात. हे सांगताना दोन गोष्टी लपवायच्या नाहीत. एक, ती तिजोरी दिल्लीची आणि ही मुंबईची. दोन, कर कमी केला की कारखाने वाढतील, पोरांना काम लागेल, असं सरकारचं म्हणणं होतं. मग विचारा, "तुमच्या घरात त्यातून कुणाला काम लागलं?" लागलं असेल तर तसं ऐकून घ्या. आमच्याकडे एका घरातल्या पोराला शिरवळच्या कारखान्यात लागलं होतं, त्याने मला तासभर उलटं समजावलं आणि त्याचं सगळंच चूक नव्हतं. संपत्ती करही असाच सांगतात लोक. 30 लाखांवरच्या संपत्तीला 1 टक्का होता, 2015 मध्ये काढला. ऐकायला झणझणीत, पण त्यातून पैसा फारसा येत नव्हता आणि शेअर त्यात धरतच नव्हते. म्हणून मी तो वापरत नाही.

विषमता हा शब्दही मी वापरत नाही. त्याऐवजी दोन मर्यादा शेजारी ठेवतो. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. संजय गांधी निराधारच्या विधवा पेन्शनला 21,000 च्या आत. म्हणजे महिन्याला 1750. आमच्याकडे खुरपायला तीनशे रुपये रोज आहे, विधवा बाई महिन्यात सहा दिवस खुरपायला गेली की मर्यादा ओलांडली. तिच्यासाठी दोन्हीकडे आकडा 1500 चाच. जिला कुणी नाही तिने सगळ्यात जास्त कागद आणायचे. हे सांगितल्यावर लाडक्या बहिणीच बोलतात, "व्हय, तिकडच्या आळीतली ती..." आणि तुम्हाला पुढचं काम मिळतं.

ते काम आधी करा, मत नंतर. त्या बाईचा वयाचा दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक घेऊन तहसीलला संजय गांधीच्या टेबलावर जा. पासष्टीच्या पुढची असेल तर श्रावणबाळचा अर्ज. पोच घ्या, तारखेसकट. मी एका बाईसाठी चार चकरा मारल्या. प्रत्येक वेळी एक कागद कमी निघायचा, आणि तो कमी आहे हे आधीच्या चकरेत कुणी सांगितलेलं नसायचं. अर्जावर पक्षाचं स्टिकर लावायचं नाही, साहेबांबरोबर फोटो नाही. "काम केलंय, लक्षात ठेवा" हे तर बिलकूल नाही. रेशनच्या पिशवीवर फोटो बघून आपल्याला राग येतो ना? पाच किलो धान्य 2013 च्या कायद्याने माणशी ठरलेलं आहे, अंत्योदयला घरामागे 35 किलो. आधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून ते पैसेही घेत नाहीत. जे ज्याने केलं ते त्याचं म्हणून सांगा, मग पिशवीवरच्या फोटोबद्दल बोलायला तोंड राहतं.

सगळ्यात अवघड आहे ती भीती. बायकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "मशिनमध्ये कळतंय, मत नाही दिलं तर पैसे बंद." हे सभेत बोलून जात नाही, एकेकीला बसून समजवावं लागतं. विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर मशिनशेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुम्हाला, मग डब्यात पडते. त्यावर तुमचं नाव नसतं. पण अर्धं खरंही सांगा: बूथवर कुणाला किती मतं पडली हा आकडा सगळ्यांना कळतो. वाडीचं बूथ वेगळं असेल तर वाडीने काय केलं ते पुढाऱ्याला समजतं. हे लपवलं आणि उद्या पुढारी वाडीत येऊन आकडा म्हणाला, की तुमचं आधीचं सगळं खोटं ठरतं.

आणि निकालाचं सगळं खापर किंवा श्रेय योजनेवर टाकू नका. 2024 च्या लोकसभेला महायुतीला 48 पैकी 17 जागा मिळाल्या होत्या, पाच-सहा महिन्यांत विधानसभेला 288 पैकी 230. मध्ये लाडकी बहीण होती हे खरं. पण कांदा होता, सोयाबीन होतं, जात होती, उमेदवार होते, आणि पैसा तर कायमचाच. "बायांमुळे हरलो" म्हणणारा पुढारी पुढच्या वेळी बायांच्या दारात जायला लाजतो, एवढंच होतं.

मतदान संपायच्या आधीच्या 48 तासांत जाहीर प्रचार बंद असतो. तेव्हा घरी बसून पाय चेपून घ्या. 85 च्या पुढचे आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले यांना विधानसभा-लोकसभेला घरून मत देता येतं, पण त्याचा 12 डी अर्ज आधीच भरावा लागतो. ऐनवेळी खाट उचलून नेण्यापेक्षा तो भरा. मतदानादिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत गळ्यात काही घालून जाऊ नका.

आम्ही त्या दिवशी सगळे एकाच जीपने गेलो. परत येताना मला राहवलं नाही, वहिनीला विचारलं, "कुणाला दिलं?" वहिनी बोटावरची शाई बघत म्हणाली, "भावजी, गुप्त असतंय म्हणून महिनाभर तुम्हीच सांगत फिरलायसा न्हवं?" आणि घरी आल्यावर चहा टाकला.